सुपरकपॅसिटर : कोळशाच्या छिद्रांत साठवलेली वीज



"वीस सेकंदांत फोन चार्ज!" अशी बातमी दर वर्षा-दोन वर्षांनी कुठून तरी येते आणि घरोघरी फिरते. २०१३ साली ती विशेष गाजली, कारण कॅलिफोर्नियातल्या एका भारतीय वंशाच्या शाळकरी मुलीला इंटेलच्या आंतरराष्ट्रीय विज्ञान मेळाव्यात सुपरकपॅसिटरसाठी मोठे बक्षीस मिळाले होते. तिने बनवलेल्या उपकरणावर एक छोटा एलईडी दिवा चालला होता. फोन ही पुढची शक्यता होती. मथळ्यांत मात्र फोन पुढे आला आणि दिवा मागे राहिला. तिचे काम कौतुकाचेच होते, पण तेव्हापासून "मग ते अजून बाजारात का नाही?" हा प्रश्न काही आमची पाठ सोडत नाही.

आम्ही इंजिनिअरिंग करून आयटीत आलेली माणसे. या विषयातले संशोधक नव्हे. पण एखादा प्रोग्रॅम हळू का चालतो, गाडी नक्की कुठे अडते, हे शोधणे हा आमचा रोजचा धंदा. सुपरकपॅसिटरवरचे संशोधन वाचताना लक्षात आले की तिथेही हेच चालले आहे. एक अडचण दूर करावी, तर दुसरी पुढे येते. ही साखळी समजली की कुठल्या बातमीवर विश्वास ठेवायचा आणि कुठली हसून सोडून द्यायची, हे आपले आपल्याला ठरवता येते. म्हणून हा लेख.

बॅटरी आणि कपॅसिटर

बॅटरीत वीज साठते ती रासायनिक क्रियेतून. क्रियेला वेळ लागतो आणि प्रत्येक वेळी आतले पदार्थ थोडे थोडे झिजतात. कपॅसिटरमध्ये रासायनिक क्रिया नसते. दोन पृष्ठभागांवर धन आणि ऋण भार समोरासमोर उभे राहतात, एवढेच. त्यामुळे तो झटकन भरतो, झटकन रिकामा होतो आणि सहसा झिजत नाही. संगणकाच्या भाषेत सांगायचे तर बॅटरी म्हणजे हार्ड डिस्क आणि कपॅसिटर म्हणजे मेमरी. एकीत साठा मोठा, दुसरीत वेग मोठा.

कपॅसिटरची साठवण, म्हणजे धारिता, दोन गोष्टींनी वाढते. पृष्ठभाग मोठा हवा आणि समोरासमोरच्या भारांतले अंतर लहान हवे. १७४५-४६ च्या सुमारास युरोपात तयार झालेल्या लेडन बरणीत हे अंतर काचेच्या जाडीएवढे होते. १८५३ साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी दाखवले की धातू द्रावणात बुडवला तर त्याच्या पृष्ठभागाला लागून द्रावणातल्या आयनांचा थर आपोआप उभा राहतो. इथे भारांतले अंतर एका नॅनोमीटरपेक्षाही कमी, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहून लहान. अंतराचा प्रश्न निसर्गानेच सोडवला. उरला पृष्ठभागाचा.

त्याचे उत्तर निघाले कोळशात. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या बेकर यांना १९५७ साली सच्छिद्र कार्बनचे इलेक्ट्रोड वापरलेल्या कपॅसिटरचे पेटंट मिळाले. पुढे ओहायोतल्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने ही कल्पना विकसित केली आणि जपानच्या एनईसी कंपनीने १९७८ साली 'सुपरकपॅसिटर' या नावाने ती बाजारात आणली. वीज गेली तर संगणकाच्या मेमरीतली माहिती टिकवून ठेवणे हे त्याचे सुरुवातीचे काम.

करवंटीतून निघालेले सात टेनिस कोर्ट

या इलेक्ट्रोडसाठी आजही मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा कच्चा माल म्हणजे नारळाची करवंटी. होय, सोलकढीसाठी नारळ खवून झाल्यावर आपण जी फेकून देतो तीच! करवंटी हवा न लागू देता भाजली की कोळसा होतो. मग त्याला आठ-नऊशे अंश तापमानात वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड देतात, किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर तापवतात. या प्रक्रियेत कार्बनचा काही भाग खाल्ला जातो आणि कोळशाच्या आत असंख्य सूक्ष्म छिद्रे तयार होतात. याला सक्रिय कोळसा म्हणतात. आपल्या पाण्याच्या फिल्टरमध्ये असतो तोच, पण इथे तो फार शुद्ध लागतो.

अशा एका ग्रॅम कोळशाच्या आतला पृष्ठभाग दीड ते दोन हजार चौरस मीटर भरू शकतो. म्हणजे चिमूटभर कोळशात टेनिसची सहा-सात कोर्ट घडी घालून ठेवलेली!

आता थोडा हिशोब. कार्बनच्या दर चौरस सेंटीमीटरला साधारण १० ते २० मायक्रोफॅरड धारिता मिळते असे धरतात. त्या हिशोबाने दोन हजार चौरस मीटरच्या कोळशातून ग्रॅममागे तीनशे फॅरड यायला हवेत. प्रत्यक्षात बाजारातल्या सेलमध्ये, सेंद्रिय द्रावण वापरून, मिळतात शंभरच्या आसपास. बाकीचे गेले कुठे? कार्बन-इलेक्ट्रोडचे बरेचसे संशोधन या एका प्रश्नाभोवती फिरते.

पहिली अडचण : आयन आत जातो का?

छिद्र मोजले म्हणजे ते वापरता येते असे नाही. पृष्ठभाग मोजताना नायट्रोजन वायू वापरतात, आणि त्याचा रेणू लहान असतो. द्रावणातला आयन मात्र भोवती द्रावकाच्या रेणूंचा जाड थर घेऊन फिरतो. थंडीत आपण मंडळाच्या कार्यक्रमाला कोट, टोपी, मफलर असे सगळे चढवून येतो ना, तसेच. त्यामुळे पूर्वी असे मानत की छिद्र आयनाच्या या कोटासकट मापापेक्षा चांगले मोठे हवे, लहान छिद्रे फुकट.

२००६ साली फिलाडेल्फियातले ड्रेक्सेल विद्यापीठ आणि फ्रान्समधले तुलूझ इथल्या संशोधकांनी हा समज मोडला. त्यांनी टायटॅनियम कार्बाइडमधून धातू काढून टाकून कार्बन बनवला. या पद्धतीत छिद्रांचे माप हवे तसे ठरवता येते. त्यांना आढळले की छिद्र एका नॅनोमीटरपेक्षा लहान केले तर धारिता कमी होण्याऐवजी उलट वाढते. त्यांच्या द्रावणातला धन आयन कोटासकट १.३ नॅनोमीटरचा आणि कोटाशिवाय ०.६८ नॅनोमीटरचा होता. म्हणजे आयन दारात कोट उतरवून आत शिरत होता! कोट उतरला की तो भिंतीच्या अधिक जवळ जातो, अंतर घटते आणि धारिता वाढते. २००८ मध्ये याच मंडळींनी द्रावकच नसलेला द्रव वापरून पाहिला, तेव्हा छिद्राचे माप आयनाच्या मापाशी जुळते तिथे, साधारण ०.७ नॅनोमीटरला, सर्वांत जास्त धारिता मिळाली.

प्रश्न सुटला असे वाटत असतानाच २०२४ साली केंब्रिज विद्यापीठातल्या गटाने वीसेक प्रकारचे सच्छिद्र कार्बन तपासून वेगळेच सांगितले. त्यांच्या मोजणीत धारितेचा छिद्राच्या मापाशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो कार्बनच्या रचनेतल्या अव्यवस्थेशी. ज्या कोळशातले अणूंचे सुबक, सपाट पट्टे लहान आणि विस्कळीत, तो जास्त वीज साठवतो. छिद्र किती मोठे याइतकेच, कदाचित त्याहून जास्त, त्याची भिंत कशी आहे याला महत्त्व आहे. पन्नास-साठ वर्षे वापरात असलेल्या कोळशाबद्दल ही मूलभूत गोष्ट आत्ता कळते आहे, हे आम्हाला फार मजेचे वाटते.

दुसरी अडचण : ये-जा किती वेगाने होते?

नुसती सूक्ष्म छिद्रे असली तर आयन शेवटपर्यंत पोहोचेपर्यंत वेळ जातो आणि सुपरकपॅसिटरचा वेग हा मुख्य गुणच हरवतो. पुण्यातल्या पेठा आठवा. नुसते बोळ असून भागत नाही. बोळातून गल्लीत, गल्लीतून लक्ष्मी रस्त्यावर येता आले पाहिजे. म्हणून कोळशात तीन मापांची छिद्रे ठेवण्याचा प्रयत्न करतात : साठवणुकीला सूक्ष्म, वाहतुकीला मध्यम आणि बाहेरून द्रावण आत यायला मोठी.

ही झाली आयनांची वाट. इलेक्ट्रॉनचीही वाट मोकळी हवी. सक्रिय कोळसा हा काही फार चांगला वाहक नाही. म्हणून त्यात थोडी वाहक काजळी मिसळतात, कण धरून ठेवायला चिकटवण घालतात आणि हे मिश्रण ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर साधारण १०० मायक्रोमीटर जाडीचे बसवतात. इथे गंमत अशी की चिकटवण वीज साठवत नाही आणि जास्त झाली तर छिद्रे बुजवते. कमी झाली तर थर सुटतो. पोळीच्या कणकेत पाणी बेताने घालावे तसा हा बेत आहे. टेफ्लॉनच्या जातीची चिकटवण कोरडीच मळून तिचे बारीक तंतू कोळशाभोवती विणायचे, म्हणजे द्रावकाची गरज नाही, ही पद्धत मॅक्सवेल या कंपनीने सुपरकपॅसिटरसाठी वापरली. टेस्लाने २०१९ साली ती कंपनी घेतली, तेव्हा या कोरड्या इलेक्ट्रोडची खूप चर्चा झाली होती.

तिसरी वाट : नवा कार्बन

२००४ साली मँचेस्टरमध्ये ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूएवढ्या जाडीचा पापुद्रा, वेगळा करता आला आणि २०१० साली त्या कामाला नोबेल मिळाले. ग्राफीनचा पृष्ठभाग हिशोबाने ग्रॅममागे २६३० चौरस मीटर, शिवाय वाहकता उत्तम. सगळ्यांना वाटले, आता झालेच काम. पण २००८ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या गटाने ग्राफीनचा सुपरकपॅसिटर करून पाहिला, तेव्हा पाण्यातल्या द्रावणात ग्रॅममागे १३५ आणि सेंद्रिय द्रावणात ९९ फॅरड मिळाले. म्हणजे करवंटीच्या कोळशाच्या आसपासच!

कारण घरगुती आहे. ओले पापड एकावर एक रचून ठेवले तर काय होते? चिकटतात. ग्राफीनचे पापुद्रेही तसेच चिकटतात आणि मधला पृष्ठभाग वाया जातो. उपायही घरगुतीच : मधे काहीतरी घालायचे. कोणी कार्बनच्या नॅनोनळ्या घालतात, कोणी द्रवाचे रेणू अडकवून ठेवतात, कोणी पापुद्र्यांनाच भोके पाडतात. २०११ साली ऑस्टिनच्याच गटाने ग्राफीन पोटॅशियम हायड्रॉक्साइडने सक्रिय करून ३१०० चौरस मीटरपर्यंत मजल मारली. पण असा कार्बन कापसासारखा फुललेला असतो. वजनाला हलका, जागा मात्र भरपूर खातो. फोनमध्ये किंवा गाडीत जागा हीच तर महाग.

आणखी एक वाट म्हणजे कार्बनच्या जाळ्यात नायट्रोजनसारखे दुसरे अणू बसवणे, किंवा कार्बनवर मँगॅनीज डायऑक्साइडसारख्या धातूच्या ऑक्साइडचा पातळ थर देणे. मग भार नुसता समोर उभा राहत नाही, तर पृष्ठभागावर झटपट रासायनिक देवाणघेवाणही होते आणि साठवण बरीच वाढते. शांघायच्या संशोधकांनी २०१५ साली नायट्रोजनयुक्त कार्बनमधून ग्रॅममागे ८५५ फॅरड मिळवल्याचे प्रसिद्ध केले. आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे यांच्या गटाने ऑक्साइडचे असे पातळ थर साध्या रासायनिक पद्धतींनी देण्याचे भरपूर काम केले आहे. पण रासायनिक क्रिया आली की झीजही आली. बॅटरीचा गुण घ्यावा तर तिचा थोडा अवगुणही पदरात पडतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले एक काम आम्हाला विशेष आवडले. २०१३ साली तिथल्या संशोधकांनी कडुनिंबाच्या वाळून गळलेल्या पानांपासून इलेक्ट्रोडचा कार्बन बनवला. वेगळी सक्रिय करण्याची पायरीच नाही, नुसता पाला हवेविना तापवायचा. तरी पृष्ठभाग बाराशे चौरस मीटरच्या आसपास आणि आम्लाच्या द्रावणात ग्रॅममागे ४०० फॅरड. गुढीपाडव्याच्या पानांचा असा उपयोग कोणाच्या ध्यानीमनी तरी असेल का!

चारशे मोठे की शंभर?

आता खरी गोम. ४०० फॅरडचा कार्बन हा बाजारातल्या १०० फॅरडच्या कोळशापेक्षा चौपट चांगला का? चला, कागद-पेन्सिल घेऊन पाहू.

सेलमध्ये दोन इलेक्ट्रोड एकामागे एक जोडलेले असतात. त्यामुळे धारिता निम्मी होते आणि वजन दुप्पट. म्हणजे ग्रॅममागची धारिता एकदम एक चतुर्थांश. चारशेचे झाले शंभर आणि शंभरचे झाले पंचवीस. साठलेली ऊर्जा म्हणजे धारिता गुणिले व्होल्टेजचा वर्ग, आणि त्याच्या निम्मे. पाण्यातल्या द्रावणात साधारण १ व्होल्टच्या पुढे जाता येत नाही, कारण १.२३ व्होल्टनंतर पाणीच फुटायला लागते. सेंद्रिय द्रावणात २.७ व्होल्ट चालतात.

पहिला कार्बन : अर्धा गुणिले १०० गुणिले १, म्हणजे ग्रॅममागे ५० ज्यूल.
दुसरा कार्बन : अर्धा गुणिले २५ गुणिले ७.२९, म्हणजे ग्रॅममागे ९१ ज्यूल.

चारशेवाला मागे पडला, शंभरवाला पुढे गेला! याचा अर्थ पुण्याचे काम कमी महत्त्वाचे असा मुळीच नाही. स्वस्त कच्चा माल, सोपी पद्धत आणि पाण्यातले न पेटणारे द्रावण यांचे मोल वेगळे आहे. मुद्दा एवढाच की एका इलेक्ट्रोडच्या एका ग्रॅमचा आकडा म्हणजे उपकरणाचा आकडा नव्हे.

अजून पुढे जाऊ. ९१ ज्यूल म्हणजे किलोमागे साधारण २५ वॉट-तास. पण सेलच्या वजनात कार्बन असतो जेमतेम तिसरा-चौथा हिस्सा. बाकी पत्रा, द्रावण, मधला कागद, डबा. म्हणून बाजारातला ३००० फॅरडचा, सुमारे अर्ध्या किलोचा सेल किलोमागे ६ वॉट-तास देतो. चांगली लिथियम बॅटरी देते अडीचशेच्या घरात. ड्रेक्सेलचे गोगोत्सी आणि तुलूझचे सिमोन यांनी २०११ सालीच 'सायन्स' या नियतकालिकात लिहिले होते की अगदी पातळ थरावर मोजलेले आकडे पूर्ण उपकरणाचे म्हणून सांगू नयेत. लाख रुपयांची गोष्ट!

व्होल्टेजचा वर्ग असल्यामुळे तिथे थोडीशी सुधारणाही मोठी ठरते. २.७ वरून ३ व्होल्टला गेले की ऊर्जा २३ टक्के वाढते. पण त्यासाठी कोळसा स्वच्छ हवा. छिद्रांत राहिलेला ओलावा आणि पृष्ठभागावरचे ऑक्सिजनचे गट वाढीव व्होल्टेजला फुटतात, वायू तयार होतो आणि सेल फुगतो. म्हणून कारखान्यात कोळसा पुन्हा तापवून, वाळवून घेण्यावर एवढा भर असतो. बातमीत या कामाला जागा मिळत नाही, पण फायदा बऱ्याचदा यातूनच होतो.

मग फोनचे काय?

आजच्या फोनच्या बॅटरीत सुमारे १५ वॉट-तास ऊर्जा असते. किलोमागे ६ या हिशोबाने तेवढ्यासाठी अडीच किलोचे सुपरकपॅसिटर लागतील. खिशात काय, पिशवीतसुद्धा जड! आणि १५ वॉट-तास वीस सेकंदांत भरायचे तर २७०० वॉट लागतात. अमेरिकेतल्या घरातले नेहमीचे १५ अँपिअरचे सर्किट १८०० वॉटचे. म्हणजे एकटा फोनच सर्किटच्या मर्यादेबाहेर जायचा. इंग्लंडातल्या १३ अँपिअरच्या प्लगवर जेमतेम जमेल, पण ती केबल खिशात मावणार नाही. इलेक्ट्रोड कितीही सुधारला तरी हे गणित बदलत नाही.

सुपरकपॅसिटरचे खरे काम तिथे, जिथे थोडी ऊर्जा पण एकदम आणि लाखो वेळा हवी. शांघायमध्ये २००६ पासून अशा बस धावल्या, ज्या थांब्यावर प्रवासी चढेपर्यंत चार्ज होतात. एअरबस ए-३८० च्या आपत्कालीन दारांत ते आहेत, पवनचक्क्यांची पाती वळवायला आहेत. उणे ४० अंशातही ते काम करतात, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत ट्रकचे इंजिन चालू करायलाही वापरतात. आयुष्य दहा लाख वेळा चार्ज होण्याचे सांगतात.

तेव्हा पुढची चमकदार बातमी आली, किंवा कोणी ओळखीने "यात पैसे गुंतवा" म्हणाले, तर एवढे प्रश्न विचारा. आकडा एका इलेक्ट्रोडचा की पूर्ण सेलचा? ग्रॅममागे की लिटरमागे? किती व्होल्टला? थर किती जाड होता? आणि किती हजार वेळा चार्ज केल्यावर किती टक्के उरले? पाचांपैकी तीनांची उत्तरे मिळाली नाहीत, तर पाकीट खिशातच राहू द्या.

मुलांच्या सायन्स फेअरसाठी

हा विषय घरी करून पाहण्यासारखा आहे. मत्स्यालयाच्या दुकानातला सक्रिय कोळसा बारीक वाटा (कोरडी पूड उडते, तोंडाला मास्क लावा). औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या एप्सम सॉल्टच्या पाण्यात तो कालवून दोन लगदे करा. मधे कॉफी फिल्टरचा कागद, दोन्ही बाहेरच्या बाजूंना ग्रॅफाइटचे पातळ पत्रे, आणि वरून वजन. साधे मीठ वापरू नका, त्यातून क्लोरीन सुटण्याचा धोका असतो. चार्ज करायला रिचार्जेबल पेन्सिल सेल घ्या. तो साधारण १.२ व्होल्टचा असतो, म्हणजे पाणी फुटण्याच्या मर्यादेच्या आसपास. मग मल्टीमीटरने व्होल्टेज कसे उतरते ते दर दहा सेकंदांनी लिहा.

यावर दिवा पेटणार नाही, एलईडीला एवढे व्होल्टेज पुरत नाही. पण एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा : कोळसा जाड आणि बारीक, वजन कमी आणि जास्त, थर पातळ आणि जाड. वजन वाढवल्यावर कण एकमेकांना घट्ट टेकतात आणि आकडे कसे बदलतात, ते मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. निकाल लिहिताना ग्रॅममागे लिहायला सांगा, आणि कोणते ग्रॅम, नुसत्या कोळशाचे की सगळ्याचे, हेही शेजारी लिहायला सांगा. एवढी शिस्त लागली तरी प्रयोग यशस्वी झाला असे आम्ही म्हणू.